वर्णमालेच्या तक्त्यावरून मॉड्युलर सिंथ शिकायचा तो असा

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, केबलींनी जोडून आवाज बनवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. ते शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकाच ठिकाणी अडतं. केबली जोडल्या, आवाज आला, नॉब फिरवले, आवाज बदलला, पण आता पुढं काय करायचं? मी सांगलीत बसून शिकलो, जवळपास दाखवणारं कुणी नव्हतं, आणि जे धडे मिळाले ते सगळे ढोल-बेस-पार्टीच्या आवाजांचे होते, त्यात माझं मन काही रमलं नाही. मग एकदा बहिणीच्या घरी भाचीचा पहिलीतला वर्णमालेचा तक्ता भिंतीवर बघितला, क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, आणि लक्षात आलं की हा तक्ता म्हणजेच पॅच आहे, पॅच म्हणजे मॉड्यूलांची केबलींनी केलेली जोडणी, उभ्या रांगा एका मॉड्यूलच्या आणि आडव्या ओळी दुसऱ्या मॉड्यूलच्या. तेव्हापासून मी ज्याला शिकवतो त्याला असंच शिकवतो, आधी तोंडातला आवाज बनवायचा, बाकी सगळं नंतर.

शाळेत व्याकरणात शिकवलेलं आठवून बघा. कठोर आणि मृदू, म्हणजे अघोष आणि घोष. अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आता हेच सिंथच्या भाषेत बघू. घोष म्हणजे घशातले पडदे थरथरतात, तो ऑसिलेटर, सूर काढणारा. महाप्राण म्हणजे हवेचा झोत, तो नॉइज, नुसती फुसफुस. जीभ कुठं टेकली ते स्थान, तो फिल्टर, आवाजातला काही भाग ठेवून बाकीचा गाळणारा. आणि टेकून किती पटकन सुटली, कशानंतर काय सुरू झालं, तो एन्व्हलप. माझ्या हिशोबाने मॉड्युलर सिंथमधे मूळ मॉड्यूल एवढीच चार आहेत, बाकीची शेकडो मॉड्यूल यांचीच भावंडं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही अनोळखी पॅच समोर आला तरी तुम्ही विचाराल, यात घोष कुठला आणि प्राण कुठला, आणि उत्तर सापडेल.

सामान काय लागतं

सुरुवातीला पैसे घालू नका, हे कळकळीने सांगतो. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०१७ मधे आलं, फुकट आवृत्ती आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. स्क्रीनवर खऱ्यासारखी मॉड्यूल दिसतात आणि माउसने केबल ओढून जोडायची. त्याच्याबरोबर फंडामेंटल नावाचा मूळ संच येतोच, त्यात व्हीसीओ म्हणजे ऑसिलेटर, व्हीसीएफ म्हणजे फिल्टर, व्हीसीए म्हणजे आवाज कमीजास्त करणारा, एडीएसआर म्हणजे एन्व्हलप, एलएफओ म्हणजे सावकाश फिरणारा ऑसिलेटर, शिवाय नॉइज, लाट दाखवणारा स्कोप, मिक्सर सगळं आहे. त्यांच्या लायब्ररीत खातं उघडून बोगऑडिओ हा फुकटचा संच तेवढा घ्या, कारण फंडामेंटलच्या फिल्टरला लोपास (खालचे सूर ठेवणारं) आणि हायपास (वरचे सूर ठेवणारं) अशी दोनच आउटपुट आहेत आणि आपल्याला बँडपास, म्हणजे मधलाच एक पट्टा ठेवणारा, लागणार आहे, तो बोगऑडिओच्या व्हीसीएफमधे मिळतो. एवढ्यावर वर्षभराचं काम होतं. दुसरे संच लगेच उतरवत बसू नका, त्यात महिना जातो आणि हातात एक आवाज येत नाही.

लॅपटॉप साधा चालेल. हेडफोन मात्र हवेतच, लॅपटॉपच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं काही नीट येत नाही आणि आपलं अर्धं काम तिथंच आहे. आणि आवाज पाव ठेवून सुरुवात करा, फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे त्याने निवडलेल्या जागेचा आवाज उचलून धरणारा नॉब, पूर्ण चढवला की तो स्वतःच शिट्टी मारायला लागतो, कानात एकदम घुसते ती, कान परत मिळत नाहीत.

व्होल्टेज म्हणजे काय ते आधी

केबलमधून फक्त व्होल्टेज जातं. ते सेकंदाला शेकडो वेळा वरखाली झालं तर आपल्याला आवाज ऐकू येतो, सावकाश झालं तर तो एखादा नॉब फिरवणारा हात होतो, आणि नुसतं चालू-बंद झालं तर त्याला गेट म्हणायचं. केबलीला यातला फरक कळत नाही, आणि मॉड्युलरची सगळी मजा या एका गोष्टीत आहे. करून बघायचं असेल तर एलएफओ घ्या, सेकंदाला एकदा फिरणारा, त्याचं चौकोनी लाटेचं आउटपुट थेट ऑडिओला द्या. काही ऐकू येणार नाही, नुसतं टक् टक्. आता वेग हळूहळू वाढवा, ५, १०, १५, आणि विसाच्या आसपास ते टक् टक् एकमेकांत मिसळून एक जाड सूर होतो. ट्रॅक्टर चालू करताना पहिले दोन-चार धक्के वेगळे ऐकू येतात आणि मग सलग घरघर लागते, तसंच आहे ते. हे प्रत्येकाने स्वतःच्या कानाने ऐकावं, वाचून कळत नाही.

सुरासाठी नियम असा की १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. हा नियम रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांपासून रूढ झाला, १९६४ च्या आसपासची गोष्ट. त्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुकला स्वतःच्या वेगळ्या पद्धतीची यंत्रं करत होते. आज दुकानात जी छोट्या आकाराची मॉड्यूल दिसतात ती युरोरॅक पद्धत जर्मनीच्या डीटर डोफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात आणली. आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका, अहमदाबादच्या एनआयडीमधे, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधे, १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं आपल्या लोकांनी त्यावर काम करून टेप भरल्या. माझ्या मते आपल्याकडं हे शिकवताना पहिल्या दिवशी एनआयडीचं नाव घ्यायला पाहिजे.

पहिला पॅच, नुसते स्वर

व्हीसीओ घ्या, सॉ म्हणजे करवतीच्या दात्यासारखी लाट असते ते आउटपुट घ्या. सूर एक सप्तक खाली आणा, १३० हर्ट्झच्या आसपास येईल, पुरुषाच्या बोलण्याचा साधारण सूर तिथंच असतो. बाईचा आवाज पाहिजे असेल तर २२० च्या आसपास. हा आवाज नुसता ऐकलात तर मधमाशीसारखा वाटेल, घशातून निघालेला आवाज तोंडात यायच्या आधी साधारण असाच असतो.

आता हाच सॉ दोन बँडपास फिल्टरना एकदम द्या, समांतर, एकातून दुसऱ्यात नाही, आणि दोघांची आउटपुट मिक्सरमधे एकत्र करा. रेझोनन्स निम्म्याच्या थोडा वर. नॉबवर राइट क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो. पहिला ७०० हर्ट्झ आणि दुसरा ११५० ठेवा, ऐका. आ ऐकू येतो. पहिला ३०० आणि दुसरा २३०० केला की ई. ३०० आणि ८०० म्हणजे ऊ, ४५० आणि २००० म्हणजे ए, ४५० आणि ८५० म्हणजे ओ, ६०० आणि १२०० म्हणजे आपला साधा अ. हे आकडे पुरुषाच्या आवाजाचे आणि अंदाजाचे आहेत, माणसागणिक बदलतात, तुम्ही कानाने पाच-दहा टक्के इकडंतिकडं सरकवा. ऊ आणि ओ ला दुसऱ्या फिल्टरचा आवाज मिक्सरमधे निम्मा करा, नाहीतर ते नाकात बोलल्यासारखे वाटतात. तोंडात हे दोन फिल्टर म्हणजे ढोबळमानाने जिभेच्या मागची पोकळी आणि पुढची पोकळी, जीभ सरकली की दोन्ही बदलतात, म्हणून तर एकाच सुरात आपण आ पण म्हणू शकतो आणि ई पण.

पहिल्यांदा आ ऐकू आला तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून हेडफोन लावायला दिला होता. ती म्हणाली, कोणतरी लांबनं हाक मारतंय. मला तेवढं पुरलं.

इथं एक फार सुंदर गोष्ट आहे ती सोडू नका. आपला ऐ म्हणजे अ पासून इ पर्यंतचा प्रवास आणि औ म्हणजे अ पासून उ पर्यंतचा. अ चा पहिला फिल्टर ६०० वर आहे, ई चा ३००, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. दुसरा १२०० वरून २३०० वर जातो, म्हणजे जवळजवळ एक सप्तक वर. मग एकच एन्व्हलप घ्यायचा, तो ० ते १० व्होल्ट देतो, एटव्हर्ट नावाच्या मॉड्यूलमधून एका फिल्टरला उणे १० टक्के आणि दुसऱ्याला अधिक १० टक्के करून पाठवायचा, म्हणजे एक १ व्होल्ट खाली जाईल आणि दुसरा १ व्होल्ट वर. फिल्टरच्या सप्तकाप्रमाणे चालणाऱ्या इनपुटलाच जोडा. अटॅक, म्हणजे एन्व्हलप वर चढायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंद. गेट द्या. ऐ. एका केबलने दोन गोष्टी उलट्या दिशेला ओढायच्या ही युक्ती पुढं जन्मभर कामाला येते, आणि ती तुम्ही ऐ मधून शिकलात. औ साठी काय करायचं ते स्वतः शोधा, दोन्ही फिल्टर खालीच जातात एवढं सांगतो.

मिरजेला जाऊन या

सांगलीतनं मिरज म्हणजे वीस मिनिटं. तिथल्या सतारमेकर लोकांच्या गल्लीत जाऊन तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवताना, एकदा बघा, विचारून, त्यांच्या कामात अडथळा न आणता. मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे, २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासतो, तार छेडतो, दोरा केसभर सरकवतो, परत छेडतो. तार सुटल्यावर घोडीला घासत घासत जाते, त्यामुळं वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे बारीक सूर, एकामागून एक उजळत येतात आणि त्या एका तारेतनं ओ, आ, ए, ई असं काहीतरी फिरत गेल्यासारखं ऐकू येतं. खुली जवारी आणि बंद जवारी यातला फरक कारागीर कानाने सांगतो, ते तुम्ही फिल्टरच्या नॉबवर आणू शकता.

घरी येऊन करायचं असं, सॉ १३० हर्ट्झ, एकच बँडपास, रेझोनन्स बराच चढा, आणि फिल्टर ४०० पासून २५०० पर्यंत तीन-चार सेकंदात सावकाश वर नेणारा एन्व्हलप. एकेक स्वरांश शिट्टीसारखा उभा राहताना मोजता येईल. वेग बदलून बघा, रेझोनन्स कमी करा, आणि मग शेजारी खरा तंबोरा नाहीतर मोबाइलमधला तंबोरा लावून ताडून बघा. माझा अनुभव असा की सॉपेक्षा अगदी अरुंद पल्स घेतली तर जास्त जवळ जातं. हूबेहूब होणार नाही, व्हायची गरज पण नाही, कानाला स्वरांश ओळखायची सवय लागते हे महत्त्वाचं, आणि मॉड्युलरमधे ती सवय लागणं म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली असते.

सुराबद्दल पण इथंच सांगतो. व्हीसीओ आपोआप बारा समान भागांच्या सप्तकात लावला जातो, त्यात गंधार ०.३३३ व्होल्टवर येतो. तंबोऱ्यातनं जो गंधार आपोआप ऐकू येतो, षड्जाच्या सव्वापट, तो ०.३२२ वर आहे. फरक ११ हजारांश व्होल्टचा, पण एक ऑसिलेटर षड्जावर आणि दुसरा गंधारावर लावून ऐका, ०.३३३ चा गंधार थरथरतो आणि ०.३२२ चा थांबून राहतो. पंचम दीडपट, म्हणजे ०.५८५. मिरजेला राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला सांगून संगीताचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० च्या आसपास श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची, मापं काढली होती, तारेची लांबी मोजून. आपल्याकडं तेच माप व्होल्टमधे टाइप करता येतं, मग बारा समान भागांवर का समाधान मानायचं.

त, थ, द, ध

आता खरं काम. हा भाग एका बसण्यात होणार नाही, दोन-तीन रविवार द्या.

चार वाटा तयार करा, प्रत्येकीच्या शेवटी स्वतःचा व्हीसीए, आणि चारही व्हीसीए मिक्सरमधे. पहिली वाट स्वराची, वरचा आ चा पॅच आहे तसाच. दुसरी स्फोटाची, व्हाइट नॉइज घ्या, बँडपास ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि व्हीसीएला १० मिलिसेकंदात विझणारा एन्व्हलप, नुसता टक् असा. तिसरी प्राणाची, नॉइजच, पण तो आ च्याच दोन फिल्टरमधून जाऊ द्या म्हणजे कुजबुजलेला आ येईल. त्यासाठी दोन फिल्टर अजून घ्यावे लागतील, घ्या. चौथी गुणगुणण्याची, सॉ घेऊन २५० हर्ट्झच्या लोपासमधून, तोंड बंद असताना घशातनं जो हुंकार येतो तो.

एलएफओचा चौकोनी आउटपुट दोन सेकंदाला एकदा येईल असा ठेवा, हा आपला गेट. हा गेट प्रत्येक वाटेला वेगवेगळ्या उशिरानं पोचवायला बोगऑडिओचं डी-गेट नावाचं मॉड्यूल आहे, किती थांबायचं आणि किती वेळ चालू राहायचं असे दोन नॉब. चार वाटांना चार डी-गेट. स्फोट सगळ्यांसाठी १०० मिलिसेकंदावर ठेवा, तो खुंटा समजा, बाकी सगळं त्याच्या मागंपुढं.

त पाहिजे असेल तर हुंकार बंद, प्राण बंद, स्वर ११५ वर सुरू. थ साठी प्राण १०५ ते १८०, आणि स्वर १८० ला. द साठी हुंकार शून्यापासून १०० पर्यंत, स्फोट, आणि लगेच १०५ ला स्वर. ध साठी हुंकार, स्फोट, १०५ ला स्वर, आणि त्याच्याबरोबरीने १८५ पर्यंत प्राण. बस. तान, थान, दान, धान मधला फरक दोनशेही नाहीत एवढ्या मिलिसेकंदात आहे, आणि पहिलीतली पोरं तो न चुकता ऐकतात. ध मधे ऑसिलेटर आणि नॉइज एकाच वेळी चालू असतात ही गोष्ट जगातल्या बऱ्याच भाषांमधे नाहीच, म्हणून परदेशी धड्यांमधे ती सापडत नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

करून झाल्यावर वाटेल की त थोडा प सारखा, थोडा क सारखा ऐकू येतोय. बरोबर आहे, कारण स्थान नुसतं स्फोटावरून कळत नाही. जीभ दातांवरून निघून आ च्या जागी जाते तेव्हा वाटेत फिल्टर पण सरकतो, आणि कान बहुतेक त्या सरकण्यावरच भरवसा ठेवतो. दंत्याला दुसरा फिल्टर १६०० च्या आसपास सुरू करून ५० मिलिसेकंदात ११५० वर आणा, म्हणजे साधारण अर्धा व्होल्ट खाली. ओष्ठ्याला उलट, ९०० पासून वर. प ब च्या स्फोटाचा फिल्टर पण खाली आणा, हजाराच्या आत. क ग चा स्फोट मधे, १५०० ते २५००, आणि जरा लांब. ट ड चा त पेक्षा खाली, अडीच-तीन हजाराला. आता भिंतीवरचा तक्ता परत बघा. आडवं गेलात की वेळ बदलते, उभं गेलात की फिल्टर बदलतो.

अनुनासिक मी तुमच्यावर सोडतो, हुंकाराची वाट लांबवली आणि स्फोट काढून टाकला की न म च्या जवळ जाता.

च ची गंमत

चार आंबे आणि गुरांचा चारा, दोन्हीकडं अक्षर एकच, आवाज दोन. जग म्हणजे दुनिया आणि शंभर वर्षं जग, तेच. चमचा म्हणताना शेवटचा च दातांजवळ असतो आणि चमचे म्हटलं की तो टाळूवर जातो, आपण कधी लक्ष पण देत नाही. लिपीत हा फरक दिसत नाही पण पॅचमधे स्पष्ट दिसतो. स्फोटानंतर ८० मिलिसेकंद नॉइज, तो बँडपास ३००० च्या आसपास ठेवला तर चार मधला च, ५००० च्या वर नेला तर चारा मधला. मधे कुठंतरी ठेवून नॉब हळूहळू फिरवा आणि घरच्यांना विचारा कधी बदललं. प्रत्येकजण वेगळी जागा सांगतो. सांगली-कोल्हापूरकडचे आणि पुण्याकडचे मित्र बसवून बघायचं माझ्या डोक्यात आहे.

स्वतःचा आवाज आत घ्या

ऑडिओ मॉड्यूलच्या इनपुटमधून माइक आत येतो, हेडफोन लावूनच करा नाहीतर फिरून फिरून किंचाळी येते. बोगऑडिओचं फॉलो नावाचं मॉड्यूल आवाजाच्या चढउताराचं व्होल्टेज करून देतं. ते तंबोऱ्याच्या पॅचच्या फिल्टरला जोडा आणि बोला. शब्द जातात, पण बोलण्याची लय उरते आणि तो तंबोरा तुमच्या लयीत उघडझाप करतो. मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याची बोली, तिथल्या लोकांना विचारून, मोबाइलवर घेतली होती, ती यातनं काढल्यावर शब्द एकही कळत नाही पण सौदा वर चढला कधी आणि तुटला कधी ते कुणालाही कळतं.

असे चार-पाच पट्टे केले, म्हणजे आवाज वेगवेगळ्या बँडपासमधून वाटून प्रत्येकाला फॉलो लावून दुसऱ्या बाजूला सॉ च्या तेवढ्याच पट्ट्यांचे व्हीसीए उघडले, की व्होकोडर झाला, म्हणजे बोलण्याचा आकार दुसऱ्या आवाजावर चढवणारं यंत्र. होमर डडली यांनी बेल लॅब्जमधे १९३० च्या दशकात हे काम केलं आणि त्यांचं बोलणारं यंत्र व्होडर १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दाखवलं. ते चालवणाऱ्या बाई मनगटाखालच्या पट्टीने गुणगुण की फुसफुस ते निवडायच्या, बोटांखालच्या पट्ट्यांनी फिल्टर, आणि पायाने सूर. म्हणजे घोष-अघोष मनगटात आणि स्थान बोटात.

लयीचा प्रयोग पण करा. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. सज्जनगडावरच्या समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, लघु गुरू गुरू हाच गण ओळीत चार वेळा. सेक-थ्री हा सिक्वेन्सर, म्हणजे पायरीपायरीने गेट आणि व्होल्टेज देणारं मॉड्यूल, घ्या, त्याला पाच पायऱ्या ठेवा, गेट पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. वृत्त लागलं. आता प्रत्येक गेटला वेगळा स्वर द्या, आणि दुसऱ्या सिक्वेन्सरला सात पायऱ्या देऊन स्वर त्यावरून बदला, म्हणजे चाल तीच राहते आणि अक्षरं सारखी सरकत जातात. हे मी तासन् तास ऐकू शकतो.

खरं सामान घ्यायचं झालं तर

सहा महिने सॉफ्टवेअरवर काढल्याशिवाय घेऊ नका. युरोरॅकला अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि मागच्या पट्टा केबलीची लाल कडा उणे १२ च्या बाजूला यायला पाहिजे, उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं, म्हणून दोनदा बघून मगच बटण दाबा. त्याआधी हात बसवायला सीडी ४०१०६ ही चिप ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग जोडायच्या पाटीवर, लावा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहा-भज्याच्या पैशात मिळते. १४ नंबरच्या पायाला ९ व्होल्टच्या बॅटरीचा अधिक, ७ ला उणे, १ आणि २ मधे १०० के (किलोओहम) चा पॉट, म्हणजे नॉबने बदलणारा रेझिस्टर, १ पासून उणेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. २ नंबरवर चौकोनी लाट येते, पॉट पूर्ण वाढवला की शे-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. १० के चा रेझिस्टर मधे घालून छोट्या ॲम्प्लिफायरला द्या. चिपमधे असे सहा ऑसिलेटर होतात, न वापरलेली इनपुट उणेला बांधून ठेवा. पॉटच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, लावला की हाताच्या सावलीने सूर हलतो.

ळ

हा मी सगळ्यात शेवटी ठेवतो कारण तो सगळ्यात अवघड आणि माझा सगळ्यात आवडता. मॅक्रो ऑसिलेटर २ नावाच्या फुकटच्या मॉड्यूलमधे बोलणारा प्रकार आहे, इंग्रजी शब्द बोलतो, चांगला आहे, जरूर वाजवा, पण त्यातनं ळ काढायचा प्रयत्न केला तर कळेल की तो आपल्यालाच बांधावा लागणार.

पळ आणि पड. दोन्हीत जीभ वळून टाळूला लागते आणि पटकन सुटते. ड मधे आवाज क्षणभर अडतो, ळ मधे जिभेच्या बाजूनं हवा चालूच राहते. म्हणून मी अ च्या पॅचला तिसरा बँडपास जोडला, २५०० वर, आणि मधे एक छोटा खड्डा दिला, व्हीसीए ३० मिलिसेकंद शून्यावर नेला आणि तिसरा फिल्टर तेवढ्यापुरता १८०० वर उतरवला. हरिपूरला आजीकडं लॅपटॉप घेऊन गेलो, काही न सांगता ऐकवलं आणि विचारलं, काय म्हणतंय. आजी म्हणाली, पड म्हणतंय.

तुम्ही पण असंच करा, न सांगता ऐकवा, कारण आपल्याला काय ऐकायचंय ते आपल्याला माहीत असतं आणि कान तेच ऐकतो.

परत बसलो. खड्डा शून्यापर्यंत न नेता चाळीस टक्क्यांवर थांबवला, फिल्टर आधी उतरायला सुरू होईल आणि नंतर चढेल असा ४० मिलिसेकंदांनी दोन्हीकडं लांबवला, आणि नंतरचा अ जरा कमी केला. आजी ज्वारी निवडत होती. परत लावलं. हात न थांबवता म्हणाली, पळ म्हणतंय की रं, कुणाला पळ म्हणतंय ते?